न्यूयॉर्कची दुय्यम जागा, मिलानची पहिली : शियान झांग यांच्या कारकिर्दीतील एक निर्णय

२००९ साली शियान झांग यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधील सहयोगी संचालकाचे पद सोडले आणि त्याच वर्षी मिलानमधील ‘जुझेप्पे व्हेर्दी’ सिंफनी वाद्यवृंदाचे संगीत संचालकपद स्वीकारले. त्या वेळी त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. इटलीतील एखाद्या सिंफनी वाद्यवृंदाचे संगीत संचालकपद स्त्रीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्यांच्या छापील परिचयांत हे वाक्य आजही अगदी वरच्या ओळींत येते. ते खरेच आहे, आणि या लेखातही ते टाळायचे नाही. परंतु त्याच्याही आधी एक व्यावसायिक प्रश्न उभा राहतो, जो अशा परिचयांतून सहसा निसटून जातो. जगातील एका अग्रगण्य वाद्यवृंदातील दुय्यम जागा सोडून, तुलनेने तरुण आणि कमी नामांकित वाद्यवृंदाची प्रमुख जागा घेणे हा शहाणपणाचा निर्णय होता का? तो निर्णय घेण्याइतकी तयारी त्यांच्यापाशी कुठून आली, आणि पुढच्या सोळा वर्षांत त्याचे फळ काय मिळाले, याचा विचार पुढे केला आहे.

बीजिंगमधील जडणघडण

झांग यांचा जन्म १९७३ चा, चीनच्या ईशान्येकडील लिआओनिंग प्रांतातील दानदोंग या शहरातला. यालू नदीच्या काठावरील या शहराच्या समोर, नदीपलीकडे, उत्तर कोरिया आहे. सांस्कृतिक क्रांती १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९७६ मध्ये संपली. म्हणजे त्यांचे पहिले तीन वर्षांचे बालपण अशा काळात गेले, ज्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत जाहीरपणे वाजवणे धोक्याचे होते. वडील वाद्ये बनवणारे आणि आई संगीत शिकवणारी. बाजारात पियानो मिळणे दुरापास्त असल्यामुळे वडिलांनी सुटे भाग जमवून मुलीसाठी पियानो घरीच जोडला. अकराव्या वर्षी त्या बीजिंगला गेल्या आणि तेथील केंद्रीय संगीत महाविद्यालयाशी संलग्न शाळेत दाखल झाल्या. त्या महाविद्यालयाचे नियमित प्रवेश सांस्कृतिक क्रांतीनंतर पुन्हा सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती.

पियानोवादक होण्याचा बेत हातांमुळे अडला. मैफलीच्या पातळीवरील पियानोवादनासाठी त्यांचे हात लहान आहेत असे शिक्षकांचे मत पडले आणि सोळाव्या वर्षी त्या वाद्यवृंद-संचालनाकडे वळल्या. या प्रसंगाकडे बऱ्याचदा नशिबाने दिलेला धक्का म्हणून पाहिले जाते. मला त्यात महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट : सोळा वर्षांच्या मुलीला पर्याय म्हणून संचालन सुचवले जाते, आणि ते कोणाला विचित्र वाटत नाही, अशी ती संस्था होती. हे का शक्य झाले हे समजण्यासाठी झेंग शियाओयिंग यांचे नाव घ्यावे लागते.

झेंग शियाओयिंग यांचा जन्म १९२९ मध्ये शांघायला झाला. १९६० ते १९६३ या काळात त्या मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयात संचालन शिकत होत्या, आणि १९६२ मध्ये त्यांनी मॉस्कोतील स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांच्या नावाने चालणाऱ्या संगीत नाट्यगृहात पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे संचालन केले. परदेशी ऑपेरागृहात संचालन करणाऱ्या त्या पहिल्या चिनी संचालक मानल्या जातात. येथे ‘पहिल्या स्त्री’ असे नव्हे, तर ‘पहिल्या चिनी संचालक’ असेच म्हणावे लागते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना सभासदत्व द्यायला १९९७ साल उजाडले, हे शेजारी ठेवले म्हणजे या तारखेचे वजन कळते. सांस्कृतिक क्रांतीनंतर झेंग यांनी बीजिंगच्या केंद्रीय ऑपेरागृहाच्या प्रमुख संचालकपदाची धुरा वाहिली आणि केंद्रीय संगीत महाविद्यालयाच्या संचालन विभागाचीही सूत्रे सांभाळली. प्रयोगाआधी प्रेक्षकांना ऑपेराचे कथानक आणि संगीत समजावून सांगणारी छोटी व्याख्याने देण्याची त्यांची प्रथा चीनमध्ये प्रसिद्ध आहे. झांग यांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्या वू लिंगफेन याही स्त्रीच होत्या. बीजिंगच्या त्या वर्गात स्त्रीने छडी हातात घेणे ही नवलाची गोष्ट उरलेली नव्हती; ती मागच्या पिढीतच घडून गेली होती.

विसाव्या वर्षी झांग यांनी केंद्रीय ऑपेरागृहात मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेराचे संचालन करून व्यावसायिक पदार्पण केले. ही निवड सोपी अजिबात नव्हती. या चार अंकी ऑपेरात संवादसदृश गायन आणि रचनाबद्ध गीते यांची सतत अदलाबदल होते. दुसऱ्या अंकाचा शेवट तर सुमारे वीस मिनिटे अखंड चालतो आणि त्यात दोन पात्रांपासून सुरुवात होऊन एकेक पात्र वाढत सात गायक एका वेळी गात असतात, प्रत्येकाचा हेतू वेगळा आणि शब्दही वेगळे. संचालकाला रंगमंचावरील गायक, समोरच्या खड्ड्यातील वादक आणि मोझार्टच्या बदलत्या लयी या तिन्हींना एकत्र बांधावे लागते. आपल्या संगीत नाटकात जाणता ऑर्गनवादक नटाचा श्वास ओळखून स्वर धरतो किंवा सोडतो, तेच भान येथे पन्नास-साठ माणसांच्या वतीने एकाच व्यक्तीने ठेवायचे असते. सिंफनीच्या मंचावर संचालक पुढाकार घेतो. ऑपेरात त्याला पुढाकारही घ्यावा लागतो आणि मागेही राहावे लागते. ही शिस्त विसाव्या वर्षी अंगी पडणे ही झांग यांची सर्वांत मोठी शिदोरी ठरली, असे मला वाटते.

सिनसिनाटी ते न्यूयॉर्क

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर एक वर्ष त्यांनी त्याच महाविद्यालयात अध्यापन केले आणि १९९८ मध्ये डॉक्टरेटसाठी त्या अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात गेल्या. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता बीजिंगच्या निषिद्ध नगरीत पुच्चिनीच्या ‘तुरानदोत’चे संचालन करत होते. जग बीजिंगमध्ये ऑपेरा घेऊन येत होते आणि बीजिंगचे विद्यार्थी बाहेर पडत होते.

बाहेर पडणाऱ्यांसाठी मुख्य दरवाजा स्पर्धेचा होता. झांग यांच्या आधीच्या पिढीतील लू जिआ हे झेंग शियाओयिंग यांचे विद्यार्थी. त्यांनी बर्लिनमध्ये पुढचे शिक्षण घेतले, १९८९ मध्ये इटलीतील त्रेन्तो येथील अंतोनियो पेद्रोत्ती स्पर्धा जिंकली आणि नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी त्रिएस्तच्या व्हेर्दी ऑपेरागृहाचे प्रमुखपद मिळवले. मेहतांचाही मार्ग फार निराळा नव्हता : १९५८ ची लिव्हरपूलची स्पर्धा आणि तिच्या पारितोषिकाचाच भाग असलेले तेथील वर्षभराचे सहायकपद. ज्या देशात अभिजात पाश्चात्त्य संगीताची घरगुती बाजारपेठ लहान आहे, तेथील संचालकाला स्वतःची ओळख पटवण्यासाठी स्पर्धेइतके सोयीचे साधन नसते, कारण तेथे कोणाच्या ओळखीची चिठ्ठी लागत नाही आणि परीक्षकांसमोर निदान वीस मिनिटे तरी खरा वाद्यवृंद हाताखाली मिळतो.

झांग यांच्या वाट्याला आलेली स्पर्धा होती मझेल-विलार संचालक स्पर्धा. तिची अंतिम फेरी २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाली आणि पहिले पारितोषिक थायलंडचे बुंदित उंगरांगसी आणि झांग यांना विभागून देण्यात आले. एका अर्थी हा निकाल त्या काळाचा आरसा होता, कारण विभागून दिलेले ते पहिले पारितोषिक दोन आशियाई संचालकांकडे गेले. स्पर्धेचे आश्रयदाते अल्बेर्तो विलार यांचे पुढे दिवाळे वाजले आणि २००८ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या खटल्यात ते दोषी ठरले. स्पर्धेच्या नावातील दुसरी व्यक्ती, लोरिन मझेल, मात्र त्याच २००२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. झांग यांची पुढची सात वर्षे या एका नेमणुकीला बांधलेली होती. २००४ मध्ये त्या तेथे सहायक संचालक झाल्या, २००५ मध्ये सहयोगी संचालक, आणि आर्तुरो तोस्कानिनी यांच्या नावाने निर्माण केलेल्या पदाच्या पहिल्या मानकरीही.

हे काम नेमके काय असते ते पाहिले पाहिजे, कारण मिलानचा निर्णय त्यातूनच समजतो. त्या आठवड्यात संचालन करणारा कोणीही असो, त्याचा संपूर्ण कार्यक्रम सहायकाला स्वरलिपीसह तयार ठेवावा लागतो. तालमीच्या वेळी रिकाम्या सभागृहात मागच्या रांगेत बसून पितळी वाद्ये तारवाद्यांना झाकतात का, एकल वादकाचा स्वर शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो का, हे ऐकायचे असते, आणि मंचावरील संचालकाने मागे वळून विचारले की नेमक्या शब्दांत उत्तर द्यायचे असते. शाळकरी मुलांसाठीचे कार्यक्रम, उद्यानांतील मैफली, दौऱ्यावरील एखादा तुकडा हे त्याच्या वाट्याचे. आणि संचालक अचानक आजारी पडला तर तालमीशिवाय उभे राहायचे. लिओनार्ड बर्नस्टाइन १९४३ च्या नोव्हेंबरात ब्रूनो वाल्टर यांच्या जागी याच वाद्यवृंदासमोर असेच उभे राहिले आणि रातोरात प्रसिद्ध झाले. ही कथा प्रत्येक सहायकाला ठाऊक असते, पण तिच्यामुळे या पदाविषयी एक गैरसमज पसरला आहे. बहुतेक सहायकांच्या आयुष्यात ती रात्र येत नाही. त्यांना मिळते ते प्रचंड मोठे वाङ्मय कमी वेळात शिकण्याचे वळण आणि उत्तम वाद्यवृंद आतून कसा चालतो याचे दर्शन.

मिळत नाही ते निर्णयाचे स्वातंत्र्य. वर्षभर कोणती रचना कोणत्या रचनेशेजारी ठेवायची, कोणत्या पाहुण्याला बोलवायचे, रिकाम्या झालेल्या ओबोवादकाच्या जागी कोणाला घ्यायचे, हे संगीत संचालक ठरवतो. सहायकाच्या परिचयपत्रात असे एकही काम दाखवता येत नाही, आणि पुढचा वाद्यवृंद नेमणूक करताना नेमके तेच शोधत असतो. झांग यांनी ही उणीव ओळखली असावी, कारण न्यूयॉर्कमध्ये असतानाच, २००५ ते २००७ या काळात, त्यांनी आयोवा राज्यातील सू सिटी या छोट्या शहराच्या वाद्यवृंदाचे संगीत संचालकपदही सांभाळले. मॅनहॅटनच्या तुलनेत ते गाव किरकोळ वाटेल. परंतु वर्षाचा आराखडा आखणे, कमी पैशांत पाहुणे मिळवणे, गावातील देणगीदारांशी बोलणे हे सगळे तेथे शिकायला मिळते.

२००९ मध्ये मझेल यांची मुदत संपली आणि ॲलन गिल्बर्ट आले. नवा संगीत संचालक आपले सहायक आपण निवडतो, हा या क्षेत्रातील रिवाज आहे. तेव्हा झांग यांच्यापुढील प्रश्न ‘न्यूयॉर्क की मिलान’ इतका सरळ नव्हता. न्यूयॉर्कची वाट तशीही संपत आली होती. खरा पर्याय होता तो नामांकित वाद्यवृंदांसमोर पाहुणे संचालक म्हणून फिरत राहण्याचा किंवा एका ठिकाणी घर करण्याचा.

मिलानमधील सात वर्षे

मिलान म्हटले की ला स्काला हे तेथील जगप्रसिद्ध ऑपेरागृह डोळ्यांसमोर येते, आणि हीच ‘जुझेप्पे व्हेर्दी’ वाद्यवृंदाची मूळ अडचण आहे. इटलीतील बहुतेक मोठे वाद्यवृंद ऑपेरागृहांचे असतात. स्वतंत्र सिंफनी वाद्यवृंद ही तेथे दुर्मीळ वस्तू. सरकारी सांस्कृतिक निधीचा मोठा वाटा कायद्याने ठरलेल्या चौदा ऑपेरा-सिंफनी प्रतिष्ठानांकडे जातो आणि हा वाद्यवृंद त्यांत नाही. त्याची स्थापना १९९३ मध्ये रशियातून आलेल्या व्लादिमीर देलमान यांनी केली. १९९९ ते २००५ या काळात रिकार्डो शायी संगीत संचालक होते आणि १९९९ मध्येच वाद्यवृंदाला लार्गो माहलर येथे, जुन्या चित्रपटगृहाचे रूपांतर करून तयार झालेले, स्वतःचे सभागृह मिळाले. थोडक्यात, झांग यांच्या हाती आलेली संस्था सोळा वर्षांची, मिलानकर जनतेच्या तिकिटांवर आणि देणग्यांवर बरीच अवलंबून असलेली आणि शायींसारख्या नावानंतर पुढचे पाऊल शोधणारी होती.

अशा संस्थेने परदेशी स्त्रीला निवडावे आणि जुन्या, सुरक्षित संस्थांनी निवडू नये, यात आश्चर्य नाही. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखी परंपरा कमी असते, त्यांना धाडस परवडते. शिवाय नवे वाद्यवृंद तुलनेने तरुण वादकांचे असतात आणि त्यांना तालमीत मेहनत करून घेणारा संचालक हवा असतो. झांग चिनी आहेत हा भाग इटलीत तेव्हा फारसा नवा नव्हता. लू जिआ तेथे दीड दशकाहून अधिक काळ काम करत होते. नवे होते ते स्त्री असणे. ला स्कालात एखाद्या स्त्रीने ऑपेराचे संचालन पहिल्यांदा केले ते २०११ मध्ये, फिनलंडच्या सुसान्ना माल्क्की यांनी, लूका फ्रान्चेस्कोनी यांच्या ‘क्वार्टेट’साठी. इटालियन ऑपेरागृहाचे संगीत संचालकपद स्त्रीला मिळायला तर २०२२ उजाडले. तेव्हा बोलोन्याच्या तेआत्रो कोमुनालेने युक्रेनच्या ओक्साना लिनीव्ह यांची नेमणूक केली. झांग यांच्या नावापुढील ‘पहिली’ हा शब्द या पार्श्वभूमीवर वाचला की तो त्यांच्याविषयी कमी आणि त्या संस्थांच्या उशिराविषयी जास्त सांगतो. दानदोंगहून आलेली मुलगी बीजिंगमध्ये कशातही पहिली नव्हती; ती पहिली झाली युरोपात आल्यावर.

या उशिराचे एक कारण वाद्यवृंदांच्या निवडपद्धतीत आहे. अमेरिकेत १९७० नंतर वादकांच्या चाचण्या पडद्याआड घेण्याची पद्धत रुळली, आणि परीक्षकांना वादक दिसेनासा झाल्यावर वाद्यवृंदांतील स्त्रियांची संख्या वाढत गेली. संचालकाला मात्र पडद्यामागे बसवता येत नाही. त्याचे वाद्यच मुळी त्याचे दिसणे आहे : मनगटाची हालचाल, डाव्या हाताची खूण, नजर, श्वास. म्हणजे पूर्वग्रहाला वाव देणारी नेमकी तीच गोष्ट तेथे तपासली जाते. निवड करणाऱ्यांच्या मनातील ‘संचालक असा दिसतो’ ही प्रतिमा बदलण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे एकाच माणसाला एकाच व्यासपीठावर वर्षानुवर्षे पाहणे. पाहुणी संचालक एका आठवड्यात हे करू शकत नाही. मिलानचा निर्णय या दृष्टीने मला योग्य वाटतो.

या सात वर्षांतील सर्वांत ठळक टप्पा २०१३ चा. ते इटालियन ऑपेरा-रचनाकार व्हेर्दीच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष होते आणि सप्टेंबरात हा वाद्यवृंद लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात पहिल्यांदा उतरला; माल्टाचे टेनर (उंच पुरुषस्वराचे गायक) जोसेफ कॅलेया व्हेर्दी गायले आणि झांग यांनी सिंफनी म्हणून चायकोव्हस्कीची ‘मॅनफ्रेड’ निवडली. ही निवड विचारपूर्वक होती असे म्हणता येईल. व्हेर्दी आणि इटालियन गायन हे वाद्यवृंदाचे घरचे अंगण. तेवढ्यावर समाधान मानले असते तर टाळ्या मिळाल्याच असत्या. ‘मॅनफ्रेड’ ही सुमारे तासभराची, क्वचित वाजवली जाणारी, तारवाद्यांची आणि पितळी वाद्यांची कसोटी पाहणारी रचना आहे, आणि ती प्रॉम्सला नेणे म्हणजे आम्ही ऑपेरागृहाची सावली नसून सिंफनी वाद्यवृंद आहोत, हे जाहीरपणे सांगणे. त्याच महिन्यात, काहीच दिवसांनी, अमेरिकेच्या मरिन अल्सॉप यांनी प्रॉम्सच्या समारोपाच्या रात्रीचे संचालन केले. एवढ्या जुन्या उत्सवात तेही एका स्त्रीने पहिल्यांदाच.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २००९ मध्येच व्हेनेझुएलाचे गुस्ताव्हो दुदामेल वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले. त्यांनीही स्पर्धा जिंकली होती, २००४ ची बाम्बेर्गमधील माहलर स्पर्धा. दोघेही युरोप-अमेरिकेच्या बाहेरचे. झांग वयाने आठ वर्षांनी मोठ्या आणि अनुभवाने अधिक विविध. तरीही एकाला अमेरिकेतील अग्रगण्य वाद्यवृंद मिळाला आणि दुसरीला मिलानमधील दुसऱ्या क्रमांकाचा. हा फरक केवळ स्त्री-पुरुष भेदाने समजावून सांगणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. दुदामेल यांच्यापाशी १९९९ पासून सिमोन बोलिवार युवा वाद्यवृंद होता. म्हणजे विशीत येण्याआधीपासून ते प्रमुखाच्या जागी उभे होते आणि त्यांच्या वाद्यवृंदाने जगभर त्यांची ओळख करून दिली. झांग यांची तीच वर्षे शिकण्यात, शिकवण्यात आणि दुसऱ्याच्या तालमी ऐकण्यात गेली. भेद असेल तर तो बहुधा येथे, पहिले स्वतःचे व्यासपीठ कोणाला किती लवकर मिळते यात, आधीच घडून गेलेला असतो.

पुढची पदे

मिलाननंतर पदे झपाट्याने आली. २०१६ मध्ये त्या कार्डिफमधील बीबीसीच्या वेल्स राष्ट्रीय वाद्यवृंदाच्या प्रमुख पाहुण्या संचालक झाल्या. बीबीसीच्या कोणत्याही वाद्यवृंदात पदनाम मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री संचालक. त्याच वाद्यवृंदाबरोबर २०१७ च्या प्रॉम्समध्ये त्यांनी जेम्स मॅकमिलन यांची नवी रचना आणि बेथोव्हेनची नववी सिंफनी एकाच संध्याकाळी सादर केली. २०१६ च्याच हंगामापासून त्या न्यू जर्सी सिंफनीच्या संगीत संचालक झाल्या. मिलानमध्ये त्यांना सन्मान्य संचालकपद देण्यात आले.

न्यू जर्सीची निवड मिलानसारखीच बोलकी आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेला हा वाद्यवृंद न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन महाकाय वाद्यवृंदांच्या मधोमध बसलेला आहे. त्याचे मुख्य सभागृह न्यूअर्कला, पण त्याला प्रिन्स्टन, रेड बँक, न्यू ब्रन्सविक असा राज्यभर फिरावे लागते. ज्या श्रोत्याला केवळ नामांकित वाद्यवृंद ऐकायचा आहे तो तासाभरात मॅनहॅटनला पोचतो. त्यामुळे न्यू जर्सीला स्थानिक कारण शोधणे भाग होते. झांग यांनी २०१९ पासून चिनी चांद्र नववर्षाचे वार्षिक कार्यक्रम सुरू केले, ज्यांत राज्यातील मोठा आशियाई समाज सहभागी होतो. यावर ‘आता त्या चिनी असल्याचा उपयोग करून घेतात’ अशी टीका करता येईल. पण चिनी वंशाचा संचालक प्रमुखपदी असूनही त्याने केवळ ब्राह्म्स आणि माहलरच वाजवावेत, ही अपेक्षाही तितकीच संकुचित आहे. येथेही त्यांच्यापुढे मिलानसारखाच प्रश्न होता : मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीतील वाद्यवृंदाला स्वतःचा श्रोता कसा मिळवून द्यायचा.

ध्वनिमुद्रणातील सर्वांत मोठे यश मात्र दुसऱ्याच वाद्यवृंदाबरोबरचे आहे. फिलाडेल्फिया वाद्यवृंद आणि ‘टाइम फॉर थ्री’ या त्रयीसोबतच्या, केव्हिन पुट्स आणि जेनिफर हिग्डन यांच्या रचनांच्या मुद्रणाला २०२३ मध्ये ग्रॅमी मिळाले.

ऑपेराकडे परतणे

झांग यांची सुरुवात ऑपेराने झाली, पण त्यांची पदे सगळी सिंफनी वाद्यवृंदांची आहेत. मधल्या काळात लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरात ‘ला बोहेम’, वेल्श नॅशनल ऑपेरात २०१४ मध्ये ‘नाबुक्को’ असे प्रयोग त्या करत राहिल्या. परंतु न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातील त्यांचे पदार्पण झाले २०२४ मध्ये, बीजिंगच्या ‘फिगारो’नंतर तीन दशकांनी. मेटमध्ये पहिल्यांदा एका स्त्रीने, सारा कॉल्डवेल यांनी, संचालन केले ते १९७६ मध्ये. त्यानंतरही तेथे संचालक स्त्रियांची नावे बराच काळ तुरळकच दिसतात.

पदार्पणाचा ऑपेरा होता पुच्चिनीचा ‘मादामा बटरफ्लाय’. नागासाकीत घडणारी, अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने टाकून दिलेल्या जपानी मुलीची ही कथा १९०४ मध्ये मिलानच्याच ला स्कालात पहिल्या रात्री सपशेल पडली होती आणि तीन महिन्यांनी ब्रेशियात सुधारित रूपात उचलली गेली. आशियाई संचालकाला ‘बटरफ्लाय’ किंवा ‘तुरानदोत’ देण्याकडे कार्यक्रम आखणाऱ्यांचा ओढा असतो, हे मान्य केले पाहिजे, आणि त्यात थोडा आळसही असतो. तथापि या संहितेची सांगीतिक मागणी भौगोलिक नाही. नायिका जवळजवळ संपूर्ण वेळ रंगमंचावर असते. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस पडद्यामागून येणारा शब्दहीन समूहगान आणि खड्ड्यातील तारवाद्यांचे बोटांनी छेडलेले सूर यांचा मेळ एका केसाच्या अंतराने चुकू शकतो. त्याच हंगामात नायिकेच्या भूमिकेत अलेक्झांड्रा कुर्झाक आणि नंतर आस्मिक ग्रिगोरियान असे बदल झाले. एकीचा श्वास दुसरीसारखा नसतो, आणि वाद्यवृंद तोच असला तरी प्रत्येक खेपेस लय नव्याने बांधावी लागते. पुढच्याच हंगामात मेटने त्यांना ‘तोस्का’ दिला. १९६२ च्या मॉस्कोतील झेंग शियाओयिंग यांचा ऑपेराही हाच होता.

सिएटल

२०२४ च्या सप्टेंबरात सिएटल सिंफनीने २०२५-२६ च्या हंगामापासून झांग यांची संगीत संचालकपदी नेमणूक जाहीर केली. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या या वाद्यवृंदाचे प्रमुखपद स्त्रीकडे जाण्याची ही पहिली वेळ. झांग तेथे पाहुण्या म्हणून २००८ पासून येत होत्या. आधीचे संगीत संचालक थॉमस दाउसगार्ड यांनी २०२२ च्या जानेवारीत अचानक राजीनामा दिल्यानंतर साडेतीन वर्षे ही जागा रिकामी होती. अशा काळात पाहुणे संचालक उत्तम मैफली देऊ शकतात, पण रिकाम्या जागांवरील नेमणुका रेंगाळतात, ध्वनिमुद्रणांचे आणि नव्या रचनांचे बेत कोणी धरत नाही, आणि वादकांना दर आठवड्याला नव्या हाताशी जुळवून घेत राहावे लागते. हे पद देताना मंडळाला कोणी चमकदार पाहुणा हवा होता असे दिसत नाही. वाद्यवृंद चालवण्याचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती हवी होती, आणि असा अनुभव सू सिटी, मिलान आणि न्यूअर्क येथेच मिळतो.

न्यू जर्सीबरोबरचा त्यांचा करार २०२७-२८ च्या हंगामापर्यंत आहे. त्यामुळे तीन हंगाम त्या अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरील दोन वाद्यवृंदांच्या एकाच वेळी प्रमुख राहणार आहेत. अशी दुहेरी जबाबदारी आज अनेक संचालक घेतात, आणि तिच्यावरचा आक्षेप जुनाच आहे : जो माणूस दोन्हीकडे आहे तो कुठेच पुरेसा नसतो. सिएटलला साडेतीन वर्षे न मिळालेली गोष्ट म्हणजे संचालकाची सलग उपस्थिती, आणि पहिल्या तीन हंगामांत तीच सर्वांत महाग वस्तू असणार आहे. कोणत्या आठवड्यांत त्या कोठे असतील, न्यू जर्सीतील चांद्र नववर्ष आणि सिएटलमधील वादकांच्या चाचण्या एकाच महिन्यात आल्या तर काय, हे प्रश्न दोन्ही कार्यालयांना हंगामाचे वेळापत्रक छापण्यापूर्वीच सोडवावे लागतात.